एका टोचणीचा हिशोब

६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात दंगल उसळली. कारण होते कुत्री. वर्षातील ठरावीक काळात मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम तसा जुनाच होता; परंतु प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळत असल्याने शिपाई लोकांच्या आवारात शिरू लागले आणि पाळलेली जनावरेही ओढून नेऊ लागले. पारशी समाजाचा तो पवित्र दिवस. संताप अनावर झाला आणि शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी पारशांच्या बरोबरीने हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली. गोऱ्या पलटणीचा दाणागोटा अडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिच्या स्थापनेमागे याच कुत्र्यांचा आक्रोश होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

या प्रसंगात सरकार निर्दय आणि महाजन दयाळू अशी सरळ वाटणी करण्याचा मोह होतो. वस्तुतः सरकारचे भय निराधार नव्हते. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे मृत्यू, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अलर्कविषाचे वर्णन आहे आणि रोगी पाण्याला भिऊ लागला की त्याची आशा सोडावी, असा त्याचा आशय आहे. एका पक्षाच्या हाती काठी होती, दुसऱ्याच्या हाती आश्रय होता. रोग थांबवील असे मात्र दोघांच्याही हाती काही नव्हते. काठीने रोग जात नाही आणि पांजरापोळीच्या भिंतीनेही तो अडत नाही. जे साधन हवे होते, ते पन्नास वर्षांनी पॅरिसमध्ये जन्माला आले आणि गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत पोहोचण्याजोगे होण्यास त्याला आणखी पस्तीसेक वर्षे लागली. तो प्रवास मुळातून समजून घेण्याजोगा आहे.

लुई पाश्चर यांचे नाव निघाले की सर्वांना जोसेफ माइस्टर हा अल्सास प्रांतातील नऊ वर्षांचा मुलगा आठवतो. ६ जुलै १८८५ रोजी त्याला पहिली टोचणी देण्यात आली आणि तो वाचला. शालेय पुस्तकांत एवढीच गोष्ट असते. परंतु पाश्चर यांनी ही लस मुळात माणसासाठी नव्हे, कुत्र्यांसाठी सिद्ध केली होती. माइस्टर त्यांच्या दारात आला तेव्हा त्यांच्या हाती होता तो पन्नास कुत्र्यांचा अनुभव. निरनिराळ्या वयांची आणि जातींची ही कुत्री त्यांनी रोगाला दाद न देणारी केली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १८८४ मध्ये, फ्रेंच सरकारने एक समिती नेमून या प्रयोगांची तपासणीही करवली. लस दिलेली कुत्री आणि न दिलेली कुत्री, दोहोंनाही रोगाचा संसर्ग घडवण्यात आला. पहिली तगली, दुसऱ्यांपैकी बहुतेक पिसाळून मेली.

पद्धत अशी होती. रोगाचा अंश सशांच्या मेंदूतून एकामागून एक पुढे नेत तो ठरावीक दिवसांत हमखास रोग आणणारा, म्हणजे स्थिर स्वरूपाचा, करून घेण्यात आला. अशा सशाचा पाठीचा कणा काढून, आतील मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बरणीत टांगून ठेवायचा. तो जसजसा वाळे, तसतसे विष सौम्य होत जाई. बरणीची ही युक्ती पाश्चर यांचे सहकारी एमिल रू यांची. सर्वांत जुन्या, म्हणजे चौदा दिवस वाळलेल्या तुकड्यापासून आरंभ करून रोज थोडा ताजा तुकडा द्यायचा आणि अखेरीस जवळजवळ ताज्यापर्यंत यायचे. म्हणजे एका जीवासाठी दहा-बारा दिवस आणि तितक्याच टोचण्या.

येथे पाश्चर यांच्यातला हिशोबी मनुष्य जागा झाला. कुत्र्यांतला रोग संपला तर माणसांतला आपोआप संपेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. कारण माणसाला तो बहुतांशी कुत्र्याकडूनच येतो. परंतु पॅरिस शहरात एक लाखाहून अधिक आणि उर्वरित फ्रान्समध्ये सुमारे पंचवीस लाख कुत्री असावीत असा त्यांचा अंदाज होता. प्रत्येकाला अनेक टोचण्या, प्रत्येकासाठी वेगळा पिंजरा, राखणीला माणसे आणि लसीसाठी लागणारे असंख्य ससे. गणित जमेना. त्याउलट चावलेल्या माणसाला रोग होण्यापूर्वी काही आठवडे मिळतात आणि मृत्यूच्या भयाने तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात रोज येतो. म्हणून लस माणसाकडे वळली. कुत्र्यासाठी सुरू झालेल्या कामातून कुत्राच मागे राहिला.

पुढील काळात जगभर पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. भारतात १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढ्यांच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्लाने विषाणू मारून, लस तयार केली आणि पोटावरच्या त्या सुप्रसिद्ध टोचण्या भारतीयांच्या तीन पिढ्यांनी सोसल्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही याच जातीची लस बनत असे. तिने असंख्य प्राण वाचवले, हे निःसंशय. पण मज्जेचा अंश शरीरात गेल्याने क्वचित कोणाला पक्षाघातासारखा विकार जडे, आणि एकीकडे लसीसाठी मेंढ्यांचे कळप मारले जात असता दुसरीकडे रस्त्यावरचा कुत्रा तसाच पिसाळत राही. ओहोटीत साचलेले पाणी उपसावे आणि भरतीची वाट तशीच मोकळी सोडावी, असा हा प्रकार होता. भारतात ही लस बनवणे २००४ च्या अखेरीस बंद झाले.

कुत्र्याचा प्रश्न सुटला तो जपानमध्ये. टोकियोच्या किटासातो संस्थेतील उमेनो आणि दोई या दोन संशोधकांनी प्रश्न निराळ्या बाजूने मांडला. माणसाला चावल्यानंतर लस द्यावी लागते, म्हणून तेथे घाई असते आणि टोचण्या अनेक लागतात. कुत्र्याला चावण्याआधीच लस द्यावयाची. घाई नाही, परंतु कुत्रा दुसऱ्यांदा हाती लागेल याचा भरवसाही नाही. तेव्हा एकच टोचणी पुरली पाहिजे. मग ती पुरेल अशी लसच बनवावी. रोगग्रस्त सशांचा मेंदू व मज्जारज्जू ग्लिसरीन आणि कार्बोलिक आम्लाच्या पाण्यात घोटून, काही दिवस मुरवून त्यांनी ती सिद्ध केली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास टोकियो आणि शेजारच्या कानागावा प्रांतांत हजारो कुत्र्यांना ती देण्यात आली. लस न दिलेली कुत्री पिसाळून मरत राहिली. लस दिलेल्यांत असा प्रकार अपवादानेच घडला. १९२१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पाश्चर यांना न जमलेले गणित अशा रीतीने जमले.

या दोघांचे नाव आपल्याकडच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहता श्वानलसीच्या इतिहासातील खरा निर्णायक विचार हाच होय: हा रुग्ण एकदाच हाती लागणार आहे. तो तक्रार करीत नाही, पुढची तारीख पाळत नाही, त्याच्या नावाचा कागद नसतो. त्यानंतरच्या शंभर वर्षांत झालेली प्रत्येक सुधारणा या एकाच वाक्याला धरून झाली आहे.

मेंदूपासून केलेल्या लसीत उणिवा होत्याच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हिलरी कोप्रोव्स्की आणि हेराल्ड कॉक्स यांनी लेडर्ले प्रयोगशाळेत नवी वाट काढली. जॉर्जिया राज्यात या रोगाने दगावलेल्या एका मुलीच्या मेंदूतून मिळालेला विषाणू, तिच्या आडनावावरून फ्लरी म्हणून ओळखला जाणारा, आधी एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांतून आणि नंतर अंड्यातील गर्भातून पुनःपुन्हा नेला गेला. होता होता तो इतका मवाळ झाला की कुत्र्याच्या स्नायूत जिवंत टोचला तरी रोग होईना आणि संरक्षण मात्र मिळे. १९४८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. एका टोचणीने तीन वर्षांहून अधिक काळ संरक्षण टिकल्याचे प्रयोगांत दिसले. १९५२ मध्ये मलायात उद्भवलेली साथ याच लसीच्या सक्तीच्या मोहिमेने आवरली गेली.

तरीही या लसीला एक खोट होती. तीन महिन्यांखालील पिलांना, मांजरांना आणि गुराढोरांना ती सोसत नसे. त्यांच्यात कधी कधी लसच रोग होऊन उलटे. तारण म्हणून ठेवलेली वस्तूच जोखीम ठरावी, तसे हे झाले. म्हणून जिवंत विषाणूऐवजी पुन्हा मृत विषाणूकडे वळावे असे ठरत गेले. पण आता मेंदूवर नव्हे, तर काचेच्या भांड्यात वाढणाऱ्या पेशींवर.

ही पेशींची गोष्ट विलक्षण आहे. १९६१ मध्ये ग्लासगो येथे मॅकफर्सन आणि स्टोकर यांनी एका दिवसाच्या हॅमस्टर पिलांच्या मूत्रपिंडातून पेशी काढल्या. हॅमस्टर म्हणजे उंदराच्या कुळातील एक लहानसा प्राणी. योग्य पोषक द्रव मिळाला की या पेशी दुभंगत, वाढत राहतात. त्यांना बीएचके-२१ असे नाव आहे. साठ वर्षे उलटून गेली, मूळ जीव केव्हाच संपले, परंतु त्याच पेशींची संतती आजही जगभरच्या कारखान्यांत मोठमोठ्या पोलादी टाक्यांतून वाढते आहे. त्यांच्यावर विषाणू वाढवायचा, रसायनाने तो पूर्णतः मारायचा, परिणाम टिकावा म्हणून त्यात ॲल्युमिनियमचा एक क्षार मिसळायचा आणि एक मिलिलिटरच्या मात्रेत कुपी भरायची. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८३ मध्ये हैदराबादेत स्थापन केलेल्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची ‘रक्षारॅब’ ही लस अशाच पेशींवर बनते. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याला टोचली जाणारी ही वस्तू आता परदेशातून मागवावी लागत नाही. ती स्वदेशी आहे आणि माणसाच्या उपचाराच्या तुलनेत अत्यल्प खर्चाची आहे.

जीवदया मानणाऱ्या घरांत येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो आणि त्याचे उत्तर टाळणे योग्य नव्हे. आज ही लस पूर्णतः प्राणिहिंसामुक्त आहे काय? नाही. प्रत्येक घाण्यासाठी ससे किंवा मेंढ्या मारण्याचा काळ मागे पडला, ही मोठी प्रगती खरी. परंतु पेशी वाढवताना पुष्कळदा वासराच्या रक्तातील द्रव वापरला जातो. शिवाय मृत विषाणूची लस पुरेशी प्रभावी आहे की नाही, हे पाहण्याची मान्य कसोटी कित्येक दशके उंदरांवर घेतली जात आली आहे आणि ती अतिशय क्लेशदायक आहे. तिच्याऐवजी विषाणूच्या बाह्यावरणावरील प्रथिन काचेच्या तबकडीतच मोजण्याची पद्धत आता पुढे येते आहे. तथापि एका कुपीमागचा हा दोष आणि एक पिसाळलेला कुत्रा गावात ज्या यातना पेरतो, चावलेली इतर कुत्री, गुरे, मुले आणि त्यानंतर काठ्या घेऊन निघणारा जमाव, हे दोन्ही ताजव्यात घातले तर पारडे कोणीकडे झुकते, हे वेगळे सांगावयास नको.

लस तयार झाली, स्वस्त झाली. आता ती पोहोचवायची. लसीची कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. शहरातील औषधाच्या दुकानात ते सोपे आहे. विजेविना असलेल्या पाड्यावर नाही. टांझानियात काम करणाऱ्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक उपयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केला. एका प्रचलित मृत विषाणू लसीच्या कुप्या २५ अंशांवर सहा महिने किंवा ३० अंशांवर तीन महिने ठेवल्या, तरी कुत्र्यांत तितकेच संरक्षण निर्माण झाले. पुढे तेथेच मातीच्या भांड्यांची, बाष्पीभवनाने थंड राहणारी पेटी बनवण्यात आली. उन्हाळ्यात माठाला ओले फडके गुंडाळणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला यात नवल वाटणार नाही. अशी पेटी गावातच असली की वर्षातून एकदा बाहेरून येणाऱ्या मोटारीची वाट पाहावी लागत नाही. गावचा माणूस वर्षभर, पिले जन्मतील तसतशी, लस देऊ शकतो. हे निष्कर्ष त्या विशिष्ट लसीपुरते आहेत, हे ध्यानात ठेवावे. घरी आणलेली कुपी उन्हात ठेवण्याचा परवाना म्हणून ते वाचू नयेत.

आता किती कुत्र्यांना लस द्यावी, हा प्रश्न. सगळ्यांना देणे अशक्य आहे आणि सुदैवाने आवश्यकही नाही. हा रोग भयंकर खरा, पण पसरण्यात तो गोवरासारखा चपळ नाही. एक पिसाळलेला कुत्रा मरण्यापूर्वी सरासरीने दोनहून कमी कुत्र्यांना रोग देतो, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे शंभरांतील सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. सत्तरच का, चाळीस का नाहीत? कारण रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य अल्प असते. एखाद्या बाजारपेठेत दहा कुत्री आहेत आणि सातांना लस दिली असे समजा. वर्षभरात त्यांतील दोन-तीन गाडीखाली वा आजाराने मरतात, त्यांच्या जागी लस न घेतलेली पिले येतात. वर्षअखेर संरक्षित कुत्री चार-पाचच उरतात. तेवढी उरली तरी रोग अडतो. त्याहून खाली गेले की नाही. सत्तरचा आकडा हा त्या वर्षभराच्या घसाऱ्याची तरतूद आहे. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच हिशोबाने कुत्री मारण्याचा मार्ग का फसतो, तेही कळते. मारलेल्या कुत्र्यांत लस घेतलेलीही असतात. म्हणजे आपली जमाच आपण खर्ची टाकतो. रिकाम्या झालेल्या जागेत, उकिरड्यावर अन्न असेतो, नवी कुत्री येतात आणि ती संरक्षित नसतात. लोक आपली कुत्री वाचवण्यासाठी दुसऱ्या गावी नेतात आणि सोबत रोगही नेतात. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये साथ उद्भवली, तेव्हा कुत्री अक्षरशः लाखांनी मारली गेली. रोग मात्र बेटावरून गेला नाही. त्याच देशातील बालीत २००८ च्या अखेरीस रोग शिरला. तेथेही आरंभी कत्तल झाली. काही लस दिली गेली, पण ती अल्पकाळ टिकणारी होती. काही महिन्यांत दुसरी मात्रा देणे भाग होते आणि मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्यांदा कोण शोधणार? उमेनो आणि दोई यांनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखलेली अडचण पुन्हा समोर उभी राहिली. २०१० पासून दीर्घकाळ टिकणारी लस, जाळ्यांनी कुत्री पकडून, सबंध बेटावर एकाच वेळी देण्यात आली, तेव्हा कुठे रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. मेक्सिकोत १९९० पासून दरवर्षी सरकारतर्फे मोफत श्वान लसीकरणाचा राष्ट्रीय आठवडा पाळला गेला आणि २०१९ मध्ये कुत्र्यांमुळे होणाऱ्या मानवी रेबीजपासून मुक्त झालेला पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. जपानने तर १९५० मध्ये कायदा करून नोंदणी व लस सक्तीची केली होती. १९५७ नंतर तेथील मातीतला रोगच संपला.

आपल्या देशाचा ताळेबंद मात्र अद्याप तोट्यातच आहे. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात असा अंदाज असून त्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. भारतातील मृत्यू पूर्वी वर्षाला वीस हजार धरले जात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीने हा आकडा ५,७०० च्या आसपास आणला. आकडा उतरला ही समाधानाची गोष्ट. परंतु यांतील प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता. त्याच पाहणीनुसार देशात वर्षाला प्राणिदंशाच्या नव्वद लाखांहून अधिक घटना घडतात आणि त्यांतील बहुसंख्य कुत्र्यांच्या. प्रत्येकामागे चार-पाच मात्रा, जखम खोल असल्यास महागडे प्रतिद्रव्य, मजुरी बुडवून दवाखान्याच्या खेपा. हा सर्व खर्च आपण मुकाट्याने, दरवर्षी करतो. कुत्र्याला आधी टोचण्याचा खर्च मात्र कोणाच्या खात्यावर टाकावा, यावर नगरपालिका, पशुसंवर्धन खाते आणि आरोग्य खाते यांच्यात फायली फिरत राहतात. लाभ आरोग्य खात्याला आणि खर्च दुसऱ्याला, अशा व्यवहारात विलंब होणारच. २८ सप्टेंबर २०२१ रोजी, पाश्चर यांच्या पुण्यतिथीला पाळल्या जाणाऱ्या जागतिक रेबीज दिनी, केंद्र सरकारने २०३० पर्यंतचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात ही खाती एकत्र यावीत अशी अपेक्षा आहे.

अनेक व्यापारी घरांत पहिली पोळी गाईला आणि शेवटची कुत्र्याला, हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्याला सकाळी बिस्किटे घालणारे शेठजी प्रत्येक पेठेत आहेत. त्या कुत्र्याला लस दिली आहे काय, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘त्याचा कान कापलेला आहे, म्हणजे झालेच असणार.’ येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. कानाला दिलेली खूण निर्बीजीकरणाची असते. ती शस्त्रक्रिया आयुष्यात एकदाच करावयाची. त्या वेळी लसही दिली जाते हे खरे, पण लसीची मुदत संपते, कानाची खूण संपत नाही. चार वर्षांपूर्वी खूण झालेला कुत्रा आज संरक्षित आहे की नाही, हे कान पाहून सांगता येत नाही. मुदतठेवीची पावती जुनी झाली तर ती नूतनीकरणाला न्यावी लागते, इतकाच हा मामला आहे. आणि हे काम सर्वांत सुलभ कोणाला? जाळे घेऊन येणाऱ्या पथकाला कुत्रा भितो, पळतो. रोज खाऊ घालणाऱ्या हाताजवळ तो शेपूट हलवीत येतो, मानेला हात लावू देतो. पशुवैद्याला पायरीपर्यंत बोलावणे आणि त्या दोन मिनिटांपुरते कुत्र्याजवळ उभे राहणे, एवढेच त्या हाताने करावयाचे असते. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली मात्रा द्यावी अशी रूढ पद्धत आहे. सामूहिक मोहिमेत त्याहून लहान पिलांनाही वगळू नये, असे आता तज्ज्ञ सांगतात, कारण ती पुन्हा भेटतीलच असे नाही. लस दिलेल्या वा ओळखीच्या कुत्र्याने चावले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावाच. त्यात ओळखीची सवलत नाही.

हे सारे आपल्याकडे होऊ शकते काय, अशी शंका असेल तर शेजारच्या गोव्याकडे पाहावे. राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी तेथे संयुक्त मोहीम हाती घेतली. राज्यभर दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस देण्याचे प्रमाण गाठले गेले. शाळांतून मुलांना श्वानदंशाविषयी शिकवले गेले. संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी व्यवस्था झाली. २०१३ ते २०१९ या काळाचा अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला. कुत्र्यांतील रोग ९२ टक्क्यांनी घटला आणि सप्टेंबर २०१७ नंतर अभ्यासकाळात तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. रोग समूळ गेला असे मात्र नाही. गोव्याची सीमा सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारला लागून आहे आणि कुत्र्यांना नाके माहीत नसतात. पलीकडे लसीकरण नसेल तर अलीकडच्या मोहिमेला विसावा नाही.

मोहिमेतील कामाची पद्धत पाहण्याजोगी आहे. सकाळी पथक निघते. घरातील पाळीव कुत्रे मालक धरून आणतो. मोकळ्या कुत्र्यांना लांब दांड्याच्या जाळ्यात अलगद धरले जाते. टोचणी होते, डोक्यावर निरुपद्रवी रंगाचा एक पट्टा ओढला जातो आणि जाळे उचलले जाते. प्रत्येक टोचणीची नोंद त्या जागेसह मोबाइलवर होते. रंग काही दिवसांत धुऊन जातो. त्यापूर्वीच दुसरे कार्यकर्ते त्याच गल्ल्यांतून फिरतात, रंग लागलेली आणि न लागलेली कुत्री मोजतात. दहांत सातांहून कमी भरली, तर पथक पुन्हा त्या गल्लीत जाते.